वाचकांचे प्रश्न : ब्रिटनमध्ये स्वतंत्र इव्हेंट टेक्निशियन म्हणून बस्तान बसवताना

लाइट, साऊंड, व्हिडिओ, रिगिंग (म्हणजे सामान उंचावर टांगणं) या कामांत मुरलेली आणि ब्रिटनला मुक्काम हलवणारी मंडळी या महिन्यात भरपूर लिहिती झाली. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच विषयावरची पत्रं एकत्र केली आहेत. कराचे आकडे इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंडमध्ये प्राप्तिकराचे टप्पे वेगळे पडतात.

पत्नीला बर्मिंगहॅमला नोकरी लागली आहे. तिचा स्किल्ड वर्कर व्हिसा आणि माझा तिचा जोडीदार म्हणून. मी पुण्यात नाटकांचे आणि कंपन्यांच्या कार्यक्रमांचे लाइट करतो. तिकडे नोकरीच शोधावी लागेल, की स्वतंत्र कामं घेता येतील? — पुणे

खुशाल घ्या. स्किल्ड वर्करच्या जोडीदाराला नोकरीही करता येते आणि स्वतःचा व्यवसायही. खेळाडू किंवा क्रीडा प्रशिक्षक म्हणून काम करायला मात्र बंदी आहे. आता कार्ड मिळत नाही, सगळं ई-व्हिसावर असतं. ते उघडून तुमच्या नावापुढच्या अटी स्वतः वाचा. काम देणारी कंपनी पहिल्याच दिवशी 'शेअर कोड', म्हणजे कामाच्या परवानगीचा पुरावा, मागेल. तो सरकारी संकेतस्थळावरून आपणच काढायचा असतो आणि ९० दिवस चालतो.

दोन विद्यार्थ्यांनीही हेच विचारलं आहे, त्यांचं उत्तर मात्र नेमकं उलटं आहे. स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगार चालत नाही. पदवी पातळीच्या अभ्यासक्रमाला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, पण ते कुणाच्या तरी पगारपत्रकावर. "इनव्हॉइस दे, लगेच पैसे देतो," असं म्हणणारा क्रू चीफ भेटेलच. त्याचा हेतू चांगला असेल, पण इनव्हॉइस दिला की तो व्यवसाय ठरतो आणि व्हिसाची अट मोडते. पगारावर घेणाऱ्या क्रू कंपन्या आहेत, त्यांच्याकडे नाव नोंदवा. शिक्षण संपून ग्रॅज्युएट व्हिसा मिळाला की स्वतंत्र कामाची वाट मोकळी होते.

नागपूरच्या २७ वर्षांच्या वाचकासाठी: भारतीयांसाठीची यंग प्रोफेशनल्स योजना १८ ते ३० वयोगटातल्या पदवीधरांना दोन वर्षं देते. आधी सोडतीत नाव लागावं लागतं आणि खात्यात २,५३० पौंड सलग २८ दिवस दाखवावे लागतात. यात स्वयंरोजगार चालतो, पण तीन अटींवर: जागा भाड्याची हवी, उपकरणांची किंमत ५,००० पौंडांच्या आत हवी आणि हाताखाली नोकर नको. ही मधली अट आपल्या धंद्यात पटकन मोडते. एक बरं डिजिटल मिक्सर आणि दोन चांगले स्पीकर घेतले की आकडा तिथे पोचतो. या व्हिसावर असाल तर सामान भाड्याने घ्या आणि स्वतःचं कौशल्य विका.

पोचल्यावर पहिल्या महिन्यात काय काय करायचं आणि कोणत्या क्रमाने? — नाशिक, लेस्टर

आधी नॅशनल इन्शुरन्स (तिकडची सामाजिक सुरक्षेची वर्गणी) नंबरसाठी ऑनलाइन अर्ज करा. तो हातात येण्याआधीही काम सुरू करता येतं, त्यामुळे तेवढ्यासाठी हात बांधून बसू नका. मग बँक. एकल व्यावसायिकाला वेगळं खातं कायद्याने सक्तीचं नाही, पण बऱ्याच बँका वैयक्तिक खात्यावर धंद्याचे व्यवहार चालू देत नाहीत. मोबाइलवर उघडता येणारं व्यवसाय खातं पुरेसं आहे. पहिल्या दिवसापासून धंद्याचा प्रत्येक पैसा त्यातूनच फिरवा, वर्षअखेरीचं निम्मं काम तिथेच होतं.

तिसरी गोष्ट म्हणजे पब्लिक लायबिलिटी विमा. तुमच्या हातून कुणाला इजा झाली किंवा सभागृहाचं नुकसान झालं तर तो भरपाई देतो. ५० लाख पौंडांचं संरक्षण बरेच जण मागतात, मोठी स्थळं १ कोटीचं मागतात. पॉलिसीत उंचीवर काम, रिगिंग आणि तात्पुरती वीजजोडणी यांचा समावेश आहे का, हे शब्दाशब्दाने वाचा. स्वस्त पॉलिसी नेमकी इथे अपवाद टाकते आणि दावा करायची वेळ येईपर्यंत ते कळत नाही. बेक्टू ही या क्षेत्रातली कामगार संघटना आहे. विमा घेण्याआधी तिच्या सभासदत्वाबरोबर काय मिळतं तेही पाहा. हाताखाली कुणाला कामावर ठेवलंत तर एम्प्लॉयर्स लायबिलिटी विमा कायद्यानेच लागतो, किमान ५० लाख पौंडांचा.

कर खात्याकडची, म्हणजे एचएमआरसीकडची नोंदणी चौथी. आर्थिक वर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल असं चालतं. त्या वर्षात धंद्याची एकूण जमा १,००० पौंडांच्या वर गेली, की वर्ष संपल्यानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत नोंदणी करायची. त्यानंतर दहा आकडी करदाता क्रमांक येतो. मुदत लांब वाटते, पण पहिल्या कामानंतर लगेच नोंदणी केलेली बरी, कारण काही कंपन्या तो क्रमांक असल्याशिवाय पुरवठादारांच्या यादीत नावच घालत नाहीत.

लिमिटेड कंपनी काढू का, असं तिघांनी विचारलं आहे. पहिल्या वर्षी काढू नका. हिशेब वाढतो, हिशेबनिसाची फी वाढते आणि आयआर-३५ नावाच्या, म्हणजे कंपनीआडून काम करणारा खरं तर नोकरच आहे का हे ठरवणाऱ्या, नियमांचा घोळ मागे लागतो. व्हॅटची नोंदणीही उलाढाल ९०,००० पौंडांपर्यंत सक्तीची नाही. नोंदणी नसेल तर इनव्हॉइसवर व्हॅट लावायचा नाही.

कर किती बाजूला ठेवू? सुरुवातीला कुणी कापून घेत नाही, त्यामुळे सगळे पैसे आपलेच वाटतात. — क्रॉयडन

इथे नवी माणसं हमखास अडकतात, म्हणून आकडे मांडूनच दाखवतो.

समजा वर्षाची जमा २४,००० पौंड आणि धंद्याचा खर्च ४,००० पौंड. नफा २०,०००. पहिल्या १२,५७० वर प्राप्तिकर नाही. उरलेल्या ७,४३० वर २० टक्क्यांनी १,४८६ पौंड. त्याच ७,४३० वर क्लास ४ नॅशनल इन्शुरन्स ६ टक्क्यांनी ४४५.८० पौंड. एकूण १,९३१.८० पौंड. हे वर्ष संपल्यानंतरच्या ३१ जानेवारीपर्यंत भरायचे, विवरणपत्राची ऑनलाइन मुदतही तीच.

इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण देणं १,००० पौंडांच्या वर गेलं आणि त्यातलं बहुतेक आधी कापलं गेलेलं नसेल, तर पुढच्या वर्षाचा आगाऊ हप्ताही त्याच दिवशी भरावा लागतो. तो यंदाच्या देण्याच्या निम्मा असतो, इथे ९६५.९० पौंड. म्हणजे पहिल्या जानेवारीत खिशातून १,९३१.८० ऐवजी २,८९७.७० पौंड जातात आणि दुसरा हप्ता ३१ जुलैला. त्यात इव्हेंटच्या धंद्यात जानेवारी हा वर्षातला सर्वांत थंड महिना. डिसेंबरच्या पार्ट्या संपलेल्या असतात, परिषदा सुरू व्हायच्या असतात आणि डिसेंबरचे इनव्हॉइस अजून वटलेले नसतात. त्यामुळे प्रत्येक जमा रकमेतला २५ टक्के हिस्सा त्याच दिवशी वेगळ्या बचत खात्यात टाका. या उदाहरणापुरता तो जरा जास्तच होतो, पण पहिल्या जानेवारीला तोच उपयोगी पडतो.

खर्चात विमा, प्रशिक्षण, सुरक्षा बूट, हत्यारं, कामाच्या प्रवासाची तिकिटं, फोनचा कामापुरता हिस्सा हे धरता येतं. साधे काळे कपडे धरता येत नाहीत, कारण ते एरवीही वापरता येतात. कामासाठीच सक्तीचे आहेत हे कारण इथे चालत नाही. पावत्यांचे फोटो महिन्याच्या महिन्याला काढून ठेवा. कागदपत्रं ३१ जानेवारीच्या त्या मुदतीनंतर किमान पाच वर्षं जपावी लागतात. उलाढाल ५०,००० पौंडांवर असणाऱ्यांना एप्रिल २०२६ पासून सॉफ्टवेअरमधून दर तिमाहीला माहिती पाठवणं सक्तीचं झालं आहे. एप्रिल २०२७ पासून ही मर्यादा ३०,००० वर येते, तेव्हा सुरुवातच सॉफ्टवेअरमध्ये केलेली चांगली.

आपल्याकडे २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, तिकडेही तेच. मग विजेच्या बाबतीत नव्याने शिकण्यासारखं काय आहे? — कोल्हापूर

बरंच आहे, आणि व्होल्टेज सारखं असल्यामुळे माणूस गाफील राहतो म्हणून ते जास्त जपून शिकायला हवं.

पहिली गोष्ट वायरींचे रंग. आपल्या ओळखीचं थ्री-फेज म्हणजे लाल, पिवळा, निळा हे फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. ब्रिटनमध्ये २००४ साली रंग बदलायला सुरुवात झाली आणि २००६ पासून नव्या कामात नवेच रंग लागतात: तपकिरी, काळा आणि करडा हे तीन फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थ. आपण न्यूट्रल म्हणून धरतो ती काळी तिकडे दुसरा फेज आहे, आणि आपण फेज म्हणून धरतो ती निळी तिकडे न्यूट्रल. एखाद्याने सवयीने काळी वायर न्यूट्रलच्या पट्टीवर आणि निळी फेजवर लावली, तर तीनपैकी दोन फेजवरच्या सामानावर २३० ऐवजी ४०० व्होल्ट पडतात. तिसऱ्या फेजवरचं सामान व्यवस्थित चालतं. म्हणून पहिल्या क्षणी कुणाला काही कळत नाही, आणि तेवढ्यात मूव्हिंग लाइटचे पॉवर सप्लाय एकेक करून जातात. जुन्या नाट्यगृहांत जुने रंगही अजून भेटतात आणि ते हुबेहूब आपल्यासारखेच आहेत. त्यामुळे एकाच इमारतीत काळी वायर दोन ठिकाणी दोन वेगळी कामं करत असू शकते. रंगावर भरवसा नको, मापूनच ठरवायचं.

मापायचं कशाने? खिशातला निऑनचा टेस्टर घरीच ठेवा. तिकडे वीज बंद असल्याची खात्री दोन टोकांच्या व्होल्टेज इंडिकेटरने करतात. तो आधी चालू स्रोतावर किंवा प्रूव्हिंग युनिटवर तपासायचा, मग सर्किट तपासायचं, मग पुन्हा इंडिकेटर तपासायचा. तिसरी पायरी गाळणारे खूप आहेत. मधल्या वेळात इंडिकेटरच बिघडला असेल तर दुसऱ्या पायरीला काही अर्थ उरत नाही.

दुसरी गोष्ट जोडण्या. कार्यक्रमात घरगुती प्लग कमीच दिसतात. निळे गोल सीफॉर्म प्लग सिंगल फेजचे: १६ अँपिअरवर साधारण ३.६ किलोवॉट, ३२ वर ७.३. लाल ते थ्री-फेज: ६३ अँपिअरला सुमारे ४३ केव्हीए, १२५ ला ८६. पिवळे ११० व्होल्टचे, बांधकामाच्या हत्यारांसाठी. त्याहून मोठ्या जोडणीला एकेका वायरचे पॉवरलॉक नावाचे कनेक्टर येतात. ते लावण्याचा क्रम ठरलेला आहे: अर्थ, न्यूट्रल, मग तीन फेज, काढताना बरोबर उलटा. न्यूट्रल मागे राहिला आणि फेज आधी लागले तर मधला बिंदू तरंगतो. मग ज्या फेजवर भार कमी, तिथे व्होल्टेज चढतं. हे काम तुम्हाला कितीही येत असलं तरी सांगितल्याशिवाय हात लावू नका. कार्यक्रमांच्या तात्पुरत्या विजेसाठी बीएस ७९०९ हे मानक आहे आणि त्यानुसार साइटवर विजेची जबाबदारी एका नेमलेल्या माणसाची असते. सॉकेटमध्ये नुसती वायर खोचून वेळ मारून नेणारा पुन्हा बोलावला जात नाही.

घरगुती चौकोनी पिनांच्या प्लगमध्ये फ्यूज असतो, ३ किंवा १३ अँपिअरचा. स्पीकर मेला असं वाटलं तर आधी हा फ्यूज बघा. ७०० वॉटपर्यंत ३ चा आणि त्यावर १३ चा, असा साधा हिशेब आहे.

एक ओळखीची गोष्टही भेटेल. आपला जाड गोल पिनांचा गीझरचा प्लग मुळात ब्रिटिश १५ अँपिअरचा. तिकडच्या घरांतून तो गेला, पण नाट्यगृहांत डिमरच्या सर्किटवर अजून आहे. त्यात फ्यूज नसतो, संरक्षण डिमरकडे असतं. म्हणून वर चढून फ्यूज बदलावा लागत नाही आणि चुकून कुणी व्हॅक्यूम क्लीनर डिमरला लावू शकत नाही. तरीही इथून वायरी बनवून नेऊ नका. तिकडे कार्यक्रमाला काळी रबरी एच०७आरएन-एफ वायर चालते. आपली पीव्हीसी थंडीत ताठ होते, गुंडाळली जात नाही आणि तपासणीत बाजूला काढली जाते.

पीएटी, म्हणजे प्लगवर चालणाऱ्या उपकरणांच्या सुरक्षा तपासणीबद्दलही विचारणा आहे. दरवर्षी केलीच पाहिजे असा कायदा नाही. १९८९ चे विजेचे नियम उपकरण सुरक्षित ठेवा एवढंच म्हणतात. पण स्थळं तारखेचा स्टिकर बघतात आणि तो नसला की सामान दारातच थांबतं. तेव्हा करून घ्या.

कोणते सर्टिफिकेट आधी काढू? आणि इथून कोणतं सामान नेऊ? — ठाणे, पणजी

पहिले पैसे सामानावर घालू नका. ते दोन कार्डांवर घाला: आयपाफ आणि पॅस्मा.

आयपाफचं कार्ड म्हणजे उचलणाऱ्या यंत्रांवर काम करायचा परवाना. '३ए' म्हणजे सिझर लिफ्ट, '३बी' म्हणजे बूम लिफ्ट. पॅस्मा हे चाकांच्या ॲल्युमिनियम टॉवरसाठी. दोन्ही पाच वर्षं चालतात आणि प्रशिक्षण एखाद्या दिवसात होतं. दिवे टांगलेल्या ट्रसवर सरळ चढून फोकस करायची सवय असेल तर ती इथेच सोडून जा. २००५ च्या उंचीवरच्या कामाच्या नियमांत आधी विचारलं जातं ते हेच, की हे काम खालून करता येईल का. त्यानंतर लिफ्ट, टॉवर, आणि शेवटी हार्नेस. आयपाफ असलेला लाइटवाला फोकसच्या वेळी स्वतः वर जाऊ शकतो, दुसऱ्याची वाट बघत नाही. यादीतल्या दोन सारख्या नावांपैकी फोन त्यालाच जातो. रिगिंगमध्येच करिअर करायचं असेल तर प्लासा या व्यवसाय संघटनेचं नॅशनल रिगिंग सर्टिफिकेट आहे. ते अनुभव जमवून मग द्यायचं, उतरल्या उतरल्या नाही.

न्यायचं काय? हातात बसलेला स्पॅनर आणि त्याला सुरक्षा दोरी, चांगला मल्टिमीटर, हेडफोन, हेडटॉर्च, मोजमाप फीत, हातमोजे. पाने-चाकू चेक-इनच्या बॅगेत, सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. स्टील टोपीचे बूट तिकडेच घ्या, पायाला नीट बसेपर्यंत बदलता येतात. स्लिंग, शॅकल, हार्नेस अजिबात नेऊ नका. लोलर या १९९८ च्या नियमांनुसार उचलायच्या साहित्याची दर सहा महिन्यांनी आणि चेन हॉइस्टसारख्या यंत्रांची दर बारा महिन्यांनी सखोल तपासणी लागते. कागद नसलेला शॅकल रिगर हातातून काढून घेतो आणि ते बरोबरच आहे.

वायरलेस माइकचा सेटही राहू द्या. ब्रिटनमध्ये ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२० पासून मोबाइलला गेला. तिथे माइक चालवणं बेकायदा आहे. चॅनेल ३८, म्हणजे ६०६.५ ते ६१३.५ मेगाहर्ट्झ, ऑफकॉम या दूरसंचार नियामकाचा परवाना घेऊन वापरतात. ८६३ ते ८६५ परवान्याशिवाय चालतो, पण तिथे गर्दी असते आणि फार माइक बसत नाहीत.

कन्सोलची, म्हणजे दिवे चालवायच्या बोर्डाची, काळजी करू नका. अव्होलाइट्स मुळात लंडनचीच कंपनी, त्यामुळे आपल्याकडे त्यावर बसलेला हात तिकडेही कामाला येतो. नाट्यगृहात मात्र ईटीसी ईऑस फार आहे आणि तिची आज्ञा लिहायची पद्धत वेगळी. तिचं सराव सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ग्रँडएमए३ चंही. जाण्याआधी दोन महिने रोज तासभर त्यावर काढा. नाटकाच्या साऊंडसाठी क्यूलॅब शिका, तो मॅकवरच चालतो.

काम मिळवायचं कसं? ओळख कुणाचीच नाही. आणि 'पेन्सिल' म्हणजे काय? — रेडिंग

तीन दारं आहेत. एक, भाड्याने सामान देणाऱ्या कंपन्यांचं गोदाम. तिथे वायरी तपासा, केस भरा, परत आलेलं सामान मोजून ठेवा. पगार थोडा असतो, पण कशाला काय म्हणतात, कोणत्या केसमध्ये काय बसतं आणि कोणता प्रोजेक्ट मॅनेजर कुणाला बोलावतो हे तिथे सहा आठवड्यांत कळतं. बारा वर्षांचा अनुभव असलेल्याला हे कमीपणाचं वाटतं. वाटू देऊ नका, इथून वर जाणं सर्वांत जलद होतं. दोन, लोकल क्रू पुरवणाऱ्या कंपन्या: लोड-इन, लोड-आउट, म्हणजे सामान आत आणणं आणि बाहेर काढणं. तीन, नाट्यगृहांची कॅज्युअल यादी. लंडनमध्ये सप्टेंबरच्या सुरुवातीला ऑलिंपियाला प्लासा प्रदर्शन भरतं, तिथे कंपन्यांची माणसं एका छताखाली भेटतात.

पहिला संदेश चार ओळींचा लिहा: काय करता, कोणते कन्सोल, कोणती कार्डं, कुठे राहता आणि रात्री उशिरा घरी परतायची सोय आहे का, काम करायची परवानगी कोणती. पूर्ण जीवनवृत्तान्त नको. "काहीही काम चालेल" हे तर लिहूच नका. तुम्हाला कोणत्या खुर्चीत बसवायचं हे वाचणाऱ्याला ठरवता आलं पाहिजे.

'पेन्सिल' म्हणजे तारीख राखून ठेवणं, नक्की करणं नव्हे. पहिली पेन्सिल ज्याची, त्याचा हक्क पहिला. दुसऱ्या कंपनीने तीच तारीख मागितली तर तिला "पहिली पेन्सिल आहे, दुसरी लावतो" असं सांगायचं. तिने पक्कं करायची तयारी दाखवली, तर पहिलीला फोन करून विचारायचं: "मला दुसरीकडून नक्की काम आलं आहे, तुम्ही पक्कं करता की सोडता?" हा फोन न करता परस्पर तारीख फिरवणं या धंद्यात सर्वांत वाईट समजलं जातं. होकार दिलेलं काम जास्त पैशांसाठी सोडणंही तसंच. माणसं कमी आहेत आणि एकमेकांशी बोलतात.

दर ठरवताना एक तळ मनात पक्का धरा. एप्रिल २०२६ पासून २१ वर्षं आणि त्यावरच्यांसाठी किमान वेतन तासाला १२.७१ पौंड आहे, म्हणजे दहा तासांचे १२७.१०. नोकराला त्यावर पगारी सुट्टी मिळते, मालकाकडून पेन्शनचा वाटा मिळतो. तुम्हाला यातलं काही नाही, शिवाय विमा, कार्डं, प्रवास तुमचाच. त्या आकड्याच्या आसपास दर सांगितलात तर पदरमोड करताय. बेक्टूची दरपत्रकं बघा आणि तुमच्या कामाच्या ओळीवरून आकडा धरा. फोनवर विचारायचं ते असं: दिवस किती तासांचा, त्यापुढे जादा दर कधी सुरू, कॉल किती वाजता, सुटायची वेळ काय, जेवण कुणाचं, पार्किंग कुणाचं, रात्रीच्या शेवटच्या गाडीनंतर सुटलो तर राहायची सोय काय. आणि काम रद्द झालं तर काय. ४८ तासांच्या आत रद्द झाल्यास पूर्ण दर, सात दिवसांच्या आत निम्मा, असं स्वतःच्या अटींत आधीच लिहून पाठवा. नंतर मागितलं तर कुणी देत नाही.

इनव्हॉइस देऊन दोन महिने झाले, पैसे नाहीत. भांडण न करता कसे काढू? — मँचेस्टर

आधी पीओ नंबर, म्हणजे कंपनीच्या खरेदी आदेशाचा क्रमांक, बघा. बहुतेक उशीर वाईट हेतूने होत नाही. ज्याने बोलावलं तो प्रोजेक्ट मॅनेजर आणि पैसे सोडणारं हिशेब खातं वेगळं असतं, आणि पीओ नंबर नसलेला इनव्हॉइस त्या खात्यात नुसता पडून राहतो. तेव्हा फोन मॅनेजरला करण्याआधी हिशेब खात्याला करा आणि "काही अडलं आहे का?" एवढंच विचारा.

मुदत ठरलेली नसेल तर कायद्याने ३० दिवस धरतात. त्यानंतर बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दरावर ८ टक्के व्याज मागता येतं. शिवाय ठरावीक भरपाई असते: १,००० पौंडांच्या आतल्या देण्यावर ४०, त्यापुढे १०,००० च्या आत ७० आणि त्यावर १००. हा १९९८ चा कायदा आहे आणि करारात लिहिलेला नसला तरी लागू होतो. शेवटी १४ दिवसांची लेखी मुदत द्यायची आणि मग इंग्लंड-वेल्समध्ये १०,००० पौंडांपर्यंतचा दावा ऑनलाइन छोट्या दाव्यांत. पत्र नीट लिहिलं तर पैसे बहुधा त्या १४ दिवसांत येतात.

इथल्या लायसन्सवर तिकडे व्हॅन चालवता येईल का? — सोलापूर

ग्रेट ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून १२ महिने, हो. भारतीय लायसन्स बदलून मिळत नाही. लेखी आणि चाकावरची परीक्षा द्यावी लागते आणि तारखा लवकर मिळत नाहीत, म्हणून प्रोव्हिजनल लायसन्स पहिल्या तिमाहीतच काढा. साध्या कार लायसन्सवर ३.५ टनांपर्यंतची व्हॅन चालते. गाडीच्या विम्यात 'बिझनेस यूज' हवा. रोज वेगळ्या स्थळी कामाला जाणं हे 'कम्यूटिंग'मध्ये बसत नाही आणि अपघातानंतर तेवढ्यावर दावा नाकारला जातो. जुनी डिझेल व्हॅन घेण्याआधी तिचा नंबर लंडनच्या युलेझमध्ये (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना शुल्क लावणारं क्षेत्र) तपासा, नाहीतर लंडनमधल्या प्रत्येक दिवसाला १२.५० पौंड बसतात.

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाचा साऊंड-लाइट मीच बघतो, फुकट. यातही नियम लागतात का? — मिल्टन कीन्स

लागतात. पैसे न घेतल्याने जबाबदारी कमी होत नाही. स्टँडवरून स्पीकर पडला तर तो कुणी आणि कसा लावला हेच विचारलं जाईल. तुमची पॉलिसी बिनमोबदला कामाला लागू आहे का आणि मंडळाची स्वतःची पॉलिसी आहे का, हे दोन्ही विचारा. एक पानभर धोक्यांची यादी करा: स्टँड कुठे, वायरी वाटेवरून कशा नेल्या, आरतीच्या निरांजनाजवळ पडदे किती अंतरावर, ओल्या फुलांच्या ताटांजवळ सॉकेट नाही ना. सजावटीच्या लायटिंगसह सगळं ३० मिलिअँपिअरच्या आरसीडीमागे, म्हणजे गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचमागे, घ्या. इथून नेलेल्या दिव्यांच्या माळा दोन पिनांचा अडॅप्टर लावून चालू करू नका, त्यांना योग्य फ्यूज मिळत नाही.

हॉलकडे परवाना नसेल आणि मद्यविक्री असेल किंवा करमणुकीचा कार्यक्रम रात्री ११ नंतर चालणार असेल, तर इंग्लंड-वेल्समध्ये कौन्सिलला टेम्पररी इव्हेंट नोटिस द्यावी लागते: २१ पौंड, कामाचे दहा दिवस आधी, आणि माणसं एका वेळी ४९९ पेक्षा जास्त नाहीत, त्यात स्वयंसेवकही आले. मिरवणूक रस्त्यावर नेणार असाल तर कौन्सिल आणि पोलिसांशी काही महिने आधी बोला.

ढोल-ताशा आत वाजवणार असाल तर हॉलवाल्यांना एकच प्रश्न नक्की विचारा: साऊंड लिमिटर आहे का? अनेक हॉलमध्ये भिंतीवर असा माइक असतो. आवाज ठरलेल्या मर्यादेवर काही सेकंद राहिला की तो स्टेजच्या सॉकेटची वीज तोडतो. ढोलांना वीज लागत नाही, ते चालूच राहतात. बंद पडतो तो तुमचा मिक्सर आणि निवेदकाचा माइक, आणि डिजिटल मिक्सर पुन्हा सुरू व्हायला मिनिटभर घेतो. ढोल पथकाला आवारात किंवा पार्किंगमध्ये वाजवायची परवानगी काढा आणि लहान मुलांना इअर डिफेंडर द्या, बंद हॉलमध्ये ती पातळी सहज ८५ डेसिबलच्या वर जाते. आतल्या कार्यक्रमासाठी लिमिटरचा आकडा आधी विचारून घ्या, साऊंडचेकला तिथपर्यंत जाऊन बघा, आणि मिक्सर व लॅपटॉप छोट्या यूपीएसवर ठेवा, म्हणजे वीज गेली तरी आरती पुन्हा पहिल्यापासून लावावी लागणार नाही.